दीड दिवसाचं घर

क्रॉयडनला ट्राममधून उतरलं की फर्निचरचं एक अवाढव्य दुकान लागतं. दुकान कसलं, गावच ते. आत झोपायच्या खोल्या आहेत, स्वयंपाकघरं आहेत, अभ्यासाच्या खोल्या आहेत आणि एकाही घरात माणूस राहत नाही. जमिनीवर बाण काढलेत. त्यांच्या मागोमाग लोक एका घरातून दुसऱ्या घरात शिरतात, कुणाच्या तरी पलंगावर बसतात, कुणाची तरी कपाटं उघडतात आणि काही न बोलता पुढे जातात. स्वप्नात आपण परक्याच्या घरात असेच बिनधास्त हिंडतो आणि तिथे कुणी आपल्याला हटकत नाही.

यातल्याच एका खोलीत पुष्कर जानेवारीपासून राहत होता. म्हणजे राहत नव्हता. पण त्याच्या आईच्या मते राहत होता आणि आईचं मत एकदा झालं की ते खोडायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

झालं होतं असं. पुष्कर साताऱ्याहून एमएस्सी करायला लंडनला आला. कॉलेजात जागा मिळाली, पण डोकं टेकायला जागा मिळेना. इथे भाड्याने खोली घ्यायची तर जामीनदार लागतो आणि तोही इंग्लंडात राहणारा, इथेच कमावणारा. पुष्करच्या सात पिढ्यांत कुणी इंग्लंड पाहिलं नव्हतं, मग जामीन राहणार कोण? शेवटी थॉर्नटन हीथला एका जुन्या घरात अर्धा दिवाणखाना मिळाला. मालकाने मधोमध प्लायवूड ठोकून एकाच्या दोन खोल्या केल्या होत्या. खिडकी पलीकडच्या मुलाच्या वाट्याला गेली. पुष्करच्या वाट्याला भिंतीतली बुजवलेली शेकोटी आली. पलंग एकाच तऱ्हेने मावत होता आणि दार उघडलं की ते पलंगावर आपटत होतं.

पहिल्याच आठवड्यात तो उशी आणायला त्या दुकानात गेला. बाहेर चार वाजताच अंधारलं होतं, आत मात्र सगळीकडे संध्याकाळचं पिवळं ऊन पडावं असे दिवे होते. चालून पाय दुखले म्हणून तो एका खोलीतल्या पलंगावर टेकला. खोलीला पडदे होते, पडद्यांमागे खोटी खिडकी होती आणि खिडकीमागे एक पांढरा दिवा होता, म्हणजे तिथे कायमची सकाळ होती. नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला आणि त्याने सवयीने उचलला.

"अगंबाई," आई म्हणाली, "किती छान आहे रे खोली."

आई, हे दुकान आहे, असं सांगायला पुष्करने तोंड उघडलं होतं. पण आईचा चेहरा बघून ते तसंच मिटलं. बाबा गेले तेव्हापासून तो चेहरा इतका निवांत त्याने पाहिला नव्हता. साताऱ्याचं दोन खोल्यांचं घर तिने भाड्याने दिलं होतं आणि स्वतः चिंचवडला धाकट्या बहिणीकडे राहायला गेली होती. मुलाला परक्या देशात धड एक खोली मिळावी, एवढ्यासाठी. "माझं काय, मी कुठेही पडेन," असं ती निघताना म्हणाली होती. तिचं घर देऊन ही खोली आली, असा तिचा हिशेब होता आणि आज तो तिला जुळलेला दिसत होता.

"डोकं कुणीकडे करतोस?" तिने विचारलं. "उत्तरेला नाही ना?"

उत्तरेला डोकं करून झोपू नये, हे साताऱ्यात मुलाला बाराखडीच्या आधी शिकवतात.

"पूर्वेला," पुष्कर म्हणाला. त्या दुकानात पूर्व कुठे हे सूर्यालाही सांगता आलं नसतं.

खोटं बोलायला हिंमत लागते असं म्हणतात. काही लागत नाही. नुसतं गप्प बसता आलं की झालं.

त्यानंतर पुष्कर दर शनिवारी तिथे जाऊ लागला. एरवी घरून फक्त आवाजाचा फोन, "नेट चालत नाही गं नीट," म्हणून. शनिवारी मात्र तो ट्रामने यायचा, बाण सोडून कपाटांच्या मधल्या आडवाटेने आपल्या खोलीत शिरायचा आणि खुर्चीत बसून आईशी बोलायचा. आई मावशीच्या गॅलरीत बसलेली असायची, मागे जास्वंदीची कुंडी. मधूनच कुणी जोडपं त्याच्या खोलीत येई, गादी दाबून बघे आणि जाई. "मित्र आलेत," पुष्कर सांगायचा. कितीतरी मित्र मिळाले म्हणून आईला बरं वाटायचं. एप्रिलमध्ये दुकानवाल्यांनी पडदे बदलले. "हौशी आहेस अगदी बाबांसारखा," आई म्हणाली. एकदा त्याने तिला खोलीला लागून असलेली न्हाणीघराची मांडणीही दाखवली. पांढऱ्याशुभ्र फरश्या, आरसा, चकचकीत नळ. 

खरं सांगायचं तर त्यालाही तिथे बरं वाटायचं. आठवडाभर कॉलेज, मग एका गोदामात खोकी लावायची, मग प्लायवूडशी बोलायचं. इथल्या खुर्चीत बसलं की वाटायचं, आपण खरंच पोचलोय. टेबलावरच्या पुस्तकांची पानं कोरी होती आणि टीव्ही पुठ्ठ्याचा होता, पण स्वप्नात कोण पुस्तक वाचायला जातं?

मग भाद्रपद आला.

त्यांच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. आजोबांच्या आजोबांपासून खंड नाही. यंदा साताऱ्याच्या घरात भाडेकरू. मावशीकडे मावशीच्या सासरचा गणपती. एका घरात दोन गणपती बसवायचे नसतात. तेव्हा आईने जानेवारीतच ठरवून टाकलं होतं. पुष्करच्या बॅगेत बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली तळहाताएवढी शाडूची मूर्ती होती. "आपलं घर जिथे, तिथे आपला गणपती," आई म्हणाली होती. "यंदा तो तुझ्याकडे."

पुष्करने बेत आखला. सकाळी दुकानातल्या खोलीत मूर्ती ठेवायची, आईला आरास दाखवायची, मग पिशवीत घालून घरी न्यायची आणि संध्याकाळी प्लायवूडच्या साक्षीने खरी पूजा करायची. कुणाला त्रास नाही, कुणाचं मन मोडणं नाही. चतुर्थी शनिवारीच होती. त्याने बागेतून दूर्वांसारखं दिसणारं गवत खुडलं, कुणाच्या तरी कुंपणाबाहेर आलेलं लाल फूल घेतलं, डबीत थोडं गूळखोबरं घेतलं आणि दुकान उघडायच्या वेळेला दाराशी हजर झाला.

पलंगाशेजारच्या फळीवर त्याने मूर्ती ठेवली. दुकानात ज्योत लावली तर भोंगे वाजतील, म्हणून तिथलीच बॅटरीवरची मेणबत्ती समोर ठेवली आणि फोन लावला.

आई नऊवारी नेसून बसली होती. गणपतीकडे बघून तिने हात जोडले, मग म्हणाली, "ज्योत हलत का नाही रे?"

"खिडकी बंद आहे."

"बरं. बस आता समोर. आचमन कर."

"आई, पूजा मी संध्याकाळी करतो ना निवांत."

"संध्याकाळी? मध्यान्हीची वेळ असते. तुझ्या तिथली मध्यान्ह धरून मी सकाळपासून उपाशी बसलेय."

साताऱ्यात गुरुजी कधी वेळेवर यायचे नाहीत, म्हणून आईने सगळे मंत्र पाठ करून टाकले होते. ती सुरू झाली की आगगाडी. "उजवा हात मूर्तीच्या हृदयाला लाव," ती म्हणाली आणि पुष्करचा हात आपोआप पुढे गेला. वर्षानुवर्षं बाबांचा जात होता तसाच. आईने डोळे मिटले होते. तिचा आवाज इअरफोनमधून थेट डोक्यात उतरत होता. समोरून लोक बाणांमागून चालले होते, एक बाई गादी दाबत होती आणि पुष्करच्या बोटांखाली शाडू थंडगार लागत होती. मग ती तशी लागेनाशी झाली. मंत्र संपले. आईने डोळे उघडले.

"झाली प्राणप्रतिष्ठा," ती म्हणाली. "आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत जागचा हलवायचा नाही हं."

पुष्कर मटकन पलंगावर बसला. त्याला कुणी सांगायला नको होतं. प्राण घातलेला गणपती उत्तरपूजेआधी हलवायचा नाही, हे त्याच्या हाडात होतं. आपण हे सगळं मानतो का, असा प्रश्न त्याला कॉलेजात चार वर्षं पडला होता. त्या क्षणी अजिबात पडला नाही. बाप्पा आले होते आणि बसले होते, दुकानात, पलंग आणि कपाट यांच्या मधोमध.

फोन ठेवल्यावर तो दिवसभर तिथून हलला नाही. कुणी फळीकडे वळलं की तो उठून उभा राहायचा. एका गृहस्थाने मूर्ती उचलायला हात पुढे केला, किंमत कुठे लिहिलीय बघायला. "प्लीज," पुष्कर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की गृहस्थ माफी मागून गेले. दुपारनंतर गर्दी विरळ झाली. खोट्या खिडकीत सकाळ होतीच. पुष्करचा डोळा लागला. स्वप्नात तो याच पलंगावर निजला होता आणि बाबा बाणांवरून चालत, एकेका घरात डोकावत येत होते. "अरे, आपलं कुठलं?" असं विचारत होते. पुष्करला सांगायचं होतं, पण त्यालाही ते आठवत नव्हतं.

"एक्स्क्यूज मी. हा मूर्ती तुझा आहे का?"

दुकानाचा शर्ट घातलेली एक मुलगी वाकून बघत होती. छातीवरच्या पट्टीवर तनिषा असं नाव होतं. पुष्कर धडपडत उठला आणि त्याने जे घडलं ते मराठीतून सगळं सांगून टाकलं, आई, खोली, मंत्र, सगळं. आठ महिन्यांत प्रथमच तो हे कुणाला सांगत होता. तनिषा क्रॉयडनमध्येच जन्मलेली. आजोबा पन्नास वर्षांपूर्वी आलेले. शनिवार-रविवार ती इथे कामाला असायची.

"आय हॅव सीन यू," ती म्हणाली. "तू दर सॅटर्डेला फोन करते इथे. मला वाटला तुझी गर्लफ्रेंड आहे."

"आई आहे."

"हो, आता कळला." तिने गणपतीकडे बघितलं. "आजोबा पण म्हणतात, मूव्ह नाही करायचा. एकदा माझा भाऊनी उचलला होता, घरात फुल ड्रामा." थोडा विचार करून ती गेली आणि एक पुठ्ठ्याची पट्टी घेऊन आली. 'फक्त मांडणीसाठी, विक्रीसाठी नाही' अशा अर्थाचं काहीतरी त्यावर छापलेलं होतं. तिने ती हलक्या हाताने फळीला अडकवली. "मॅनेजरला मी सांगते, स्टायलिंग आहे. उद्या लवकर ये."

दुकान बंद व्हायला तासभर असतानाच तिने त्याला निघायला लावलं. देवाला तिथे ठेवून पुष्कर घरी गेला आणि त्याला झोप लागली नाही.

रविवारी तो दार उघडताच आत शिरला. गणपती जागेवर होते. समोर कुणी चार-पाच पेन्सिली ठेवल्या होत्या. दुकानात मापं लिहून घ्यायला फुकट मिळतात ना, त्या बोटभर लाकडी. "काल तू गेला, मग लहान मुलं आली," तनिषा म्हणाली. "एकाने ठेवला, मग सगळ्यांनी."  विद्येच्या देवाला कुणी न सांगता पेन्सिली वाहिल्या होत्या आणि हा विद्येसाठी इतक्या लांब आलेला गडी फसवाफसवी करत बसला होता. पुष्करला स्वतःची लाज वाटली.

त्याने आईला स्पीकरवर फोन लावला. उत्तरपूजा झाली. "आता जरा उत्तरेकडे सरकव," आई म्हणाली. पुष्करने तनिषाकडे बघितलं. तिने न बोलता कार पार्कच्या बाजूला बोट केलं आणि त्याने मूर्ती बोटभर सरकवली.

"आता पाण्यात सोड. इथूनच बघते मी. तुझं ते छान न्हाणीघर आहे ना, तिथे चल."

हे पुष्करच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, उत्तरपूजा झाली की सुटलो. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात गणपती घेऊन तो पाय ओढत शेजारच्या मांडणीत गेला. पांढऱ्याशुभ्र फरश्या. आरशात तो, गणपती आणि मागे तनिषा.

"बेसिनलाच बूच लाव. सोड नळ," आई म्हणाली.

त्याने नळ फिरवला. नळ सुरेख फिरला. काहीच आलं नाही.

आई वाट बघत होती. पुष्करही वाट बघत होता, म्हणजे त्याला खरंच वाटत होतं की येईल.

"पाणी गेलं का रे?" आईने विचारलं. "तिथेही जातं होय पाणी?"

किती सोपं होतं. हो म्हटलं की झालं. साताऱ्यात रोज जातं, चिंचवडला दिवसाआड येतं, तर लंडनला का जाऊ नये? आईने खोटं स्वतःच रचून, ताटात वाढून पुढे ठेवलं होतं. आणि पुष्करला ते गिळता येईना. हातात गणपती होता.

"आई," तो म्हणाला, "हे माझं घर नाही. दुकान आहे. फर्निचरचं. पहिल्या दिवसापासून दुकानच आहे."

आईच्या मागे जास्वंदीची कुंडी हलत होती, तिकडे वारा असावा. 

"मग काल मी गणपती कुणाच्या घरी बसवला?"

 पुष्कर रडत होता. इतक्या महिन्यांत रडायला त्याला धड भिंतसुद्धा नव्हती. प्लायवूडमधून सगळं पलीकडे ऐकू जायचं.

"रडू नकोस, हातात देव आहे," आई म्हणाली. तिचाही आवाज घोगरा झाला होता. "फोन ठेवायचा नाही. त्याला घेऊन घरी चल. तुझ्या."

तनिषाने पेन्सिली उचलून त्याच्या खिशात घातल्या. दारापर्यंत ती सोबत आली. आजूबाजूला गाड्यांवर गाद्या लादणारी माणसं होती. ती लाजत, अगदी हळू म्हणाली, "गणपती बाप्पा मोरया. पुढच्या वर्षी लवकर या." मग घाईने, "नॉट हिअर," म्हणाली.

ट्राममध्ये पुष्कर खिडकीशी बसला. मांडीवर गणपती, वरच्या खिशात फोन, त्यातून आई बाहेर बघत होती. रविवारची दुपार होती. ढगातून ऊन गळत होतं, घरांच्या मागच्या अंगणांत कपडे वाळत होते, ट्राम वळणावर बारीक आवाज करत होती.  मधे एकदा आई म्हणाली, "कपडे बाहेरच वाळत घालतात की रे." समोरच्या म्हाताऱ्या बाई गणपतीकडे बघून हसल्या. पुष्करला वाटलं, ही ट्राम अशीच चालत राहावी, आपलं घर येऊच नये.

पण घर आलं. दार पलंगावर आपटलं. त्याने फोन सगळीकडे फिरवला. प्लायवूड, बुजवलेली शेकोटी, खुंटीवर गोदामाचं जाकीट, पलंगाखाली बॅग. आंघोळीची निळी बादली त्याच्याकडे होतीच. इंग्लंडात पोचल्यावर आपलं पोरगं उशीच्या आधी बादली विकत घेतं. तिच्यात पाणी भरून आणून त्याने ती पलंग आणि दार यांच्यामध्ये ठेवली आणि गणपती अलगद सोडला. पाण्यात छोटे छोटे बुडबुडे आले. शाडू सावकाश विरघळू लागली.

आई खोली बघत होती. खिडकी कुठाय, असं तिने विचारलं नाही.

"डोकं कुणीकडे करतोस?" तिने विचारलं.

पुष्करने उशी दाखवली.

"ती कुठली दिशा?"

आठ महिन्यांत त्याने बघितली नव्हती. फोनवर बघितली. "उत्तर," तो म्हणाला. "आई, पलंग दुसरीकडे मावत नाही."

"पलंग कशाला हलवतोस? उशी पायाकडे घे."

त्याने उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली. इतकंच करायचं होतं.

"दक्षिण चालते," आई म्हणाली.

बादलीतलं पाणी गढूळ होत होतं. गणपतीची सोंड गेली, मग हात गेले. पुष्कर पलंगाच्या कडेला बसला आणि त्याला एकदम जाणवलं, आपण हिला एकदाही विचारलं नाही. आई नेहमी गॅलरीतच बसते. पाऊस असला तरी, ऊन असलं तरी, जास्वंदीची कुंडी मागे घेऊन.

"आई, तू कुठे झोपतेस?"

 आई उठली आणि फोन घेऊन आत चालू लागली. मावशीचा दिवाणखाना गेला, दोन झोपायच्या खोल्यांची बंद दारं गेली. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात फ्रिज होता. फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये एक घडीची खाट उभी करून ठेवलेली होती, वर तिची गोधडी. तिने एका हाताने खाट आडवी केली, उशी मांडली, नीट केली आणि मग त्याला दाखवली.

"पूर्व," ती म्हणाली. "मी आल्या दिवशीच बघून घेतलं होतं."